पेटीतली ओली वाळू

ऋजुताने मूठ आवळली, थोडा वेळ तशीच धरली आणि उघडली. तळहातावर वाळू-मातीचा गोळा जसाच्या तसा राहिला होता. बोटांचे ठसे त्यावर स्पष्ट उमटले होते. तिने हात माझ्यापुढे केला.

"अप्पा, बघा. टिकेल का यात बोगदा?"

मी गोळा घेऊन मधोमध मोडला. कडा न ढासळता सरळ मोडला. बोटांना ओल लागली, पाणी लागले नाही.

"टिकेल," मी म्हणालो. "आता अर्धा तांब्या जरी घातलंस तरी चिखल होईल. एवढ्यावर थांब."

"फौंड्रीत असंच बघायचात?"

"ओल मोजायचं यंत्र होतं. पण साचे भरणारे मोल्डर लोक यंत्राकडे बघायचे नाहीत, मुठीकडेच बघायचे."

स्वयंपाकघराच्या दारातून त्रिशला, माझी पत्नी, आम्हा दोघांकडे पाहत होती. "बघा तरी," ती म्हणाली, "सरड्याचं बाळंतपण काढायला सासरा-सून मांडी घालून बसलेत. माझ्या अभिनंदनच्या वेळी हे कुठं होते, विचार. भट्टीवर!"

"त्या दिवशी भट्टी उतरवता येत नव्हती," मी म्हणालो.

"चौतीस वर्षं हेच उत्तर ऐकतेय मी."

ऋजुता हसली, पण तिचे लक्ष काचेच्या घराकडे होते. आत हळदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घालत होती आणि प्रत्येक टोकाला पुढच्या पायांनी काच खरवडत होती. हळदी म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन जातीची मादी, मूळ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला दाढीवाला सरडा. हातभर लांब, अंगाने हळदीच्या पाण्यासारखी पिवळी, आणि गळ्याखाली काट्यांची झालर, जी चिडली की काळी पडत असे. तिचे पोट दोन्ही बाजूंनी फुगले होते आणि कातडीखाली अंड्यांचे उंचवटे बोटाला लागत होते.

"आज किंवा उद्या," ऋजुता म्हणाली. "फार तर परवा. त्यापुढं अंडी आत राहिली तर ती जगत नाही, अप्पा."

या गोष्टीला आता आठ वर्षे झाली. आमचे घर जयसिंगपूरला, उसाच्या शेतांना लागून. मुलगा अभिनंदन मस्कतला नोकरीला होता, आणि ऋजुता सांगलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होती. ती देवरुखची. तिच्या माहेरी रोज मासे शिजत. आमच्या जैन घरात आल्यापासून तिने मासा खाल्ला नव्हता, आणि त्याविषयी आम्ही तिला काही सांगितले नव्हते; तिनेच सोडला. हळदी मात्र तिने आणली. आणली आणि मग सांगितले. मागच्या खोलीत काचेची दोन घरे उभी राहिली, एकात नर, एकात हळदी; आणि फळीखाली एक झाकणाचा डबा, ज्यात अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये रातकिडे ठेवलेले असत. त्या खोलीत त्रिशला जात नसे. मी जात असे, पण डब्याकडे पाहत नसे.

हळदीला अंडी घालायची पेटी मी स्वतः बनवली होती. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, तेवढीच उंच. जाड प्लायवुडची, आतून प्लॅस्टिकचा कागद. नदीची वाळू निम्मी, पोयट्याची माती निम्मी, दोन्ही दोनदा चाळलेली. एका टोकाला चार इंच आणि दुसऱ्या टोकाला दहा इंच असा चढ. खोल टोकाला, भिंतीलगत, मी वीतभर नळी तिरकी खुपसून फिरवत बाहेर काढली, म्हणजे मादीला बोगद्याची सुरुवात आयती मिळावी. चारी बाजूंनी पुठ्ठा लावला, कारण अंडी घालताना माणूस दिसला तर ही मादी काम अर्धवट सोडते. सरकारी तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन मी एकतीस वर्षे लोखंडी ओतकामाच्या फौंड्रीत वाळूची आणि ओतिवाची तपासणी केली. वाळूने साथ दिली नाही तर त्यात ओतलेले काही टिकत नाही, एवढे मला कळत होते.

गुरुवारी दुपारी ऋजुताने हळदीला पेटीत सोडले आणि आम्ही दार लोटून बाहेर बसलो. थोड्या वेळाने आतून आवाज आला: खर्र, खर्र, मग थांबून पुन्हा खर्र. ऋजुताने माझे मनगट धरले.

"खणतेय, अप्पा!"

तो आवाज तासभर चालला आणि थांबला. तिने फटीतून पाहिले. हळदी खड्ड्यातून बाहेर येऊन कोपऱ्यात पडली होती. खड्डा रिकामा होता.

शुक्रवारी सकाळी तिने दुसरा खड्डा खणला, दुपारी तिसरा. दोन्ही वीतभर खोल आणि सुबक. एकाचीही भिंत ढासळली नव्हती. दोन्ही रिकामे. तिसऱ्यानंतर ती खड्ड्याच्या तोंडाशीच हनुवटी टेकून राहिली.

ऋजुता पेटीपुढे गुडघे टेकून बसली. वाळूत थर्मामीटर खुपसला, काढला, पुन्हा खुपसला.

"सव्वीस. बरोबर आहे. ओल बरोबर आहे. खोली बरोबर आहे." ती स्वतःशीच बोलत होती. "मग का सोडतेय? अप्पा, एक तर पेटीत काही तरी चुकतंय, नाही तर हिच्या अंगात कॅल्शियम नाही. कॅल्शियम नसेल तर कळाच येत नाहीत. पण तो प्रश्न नाही. तुम्ही दिलंय."

ती उठली, फळीवरची खाण्याच्या नोंदींची वही काढली आणि उघडली.

"तीन तारीख, दहा किडे, पावडर एक चमचा, दिले. पाच तारीख, दहा किडे, पावडर एक चमचा, दिले. सात तारीख…" तिने पान उलटले. "कॉलेजात माझ्या प्रयोगशाळेच्या मदतनिसाला तुमच्या हाताखाली पाठवलं पाहिजे. मग पेटीच चुकतेय. दुसरं काही नाही."

मी म्हणालो, "पेटी पुन्हा भरतो."

आणि भरली. सगळी वाळू बाहेर काढली, पुन्हा चाळली, पुन्हा भिजवली, पुन्हा चढ दिला. त्या वाळूत दोष नव्हता. हे मला वही उघडली गेली त्या क्षणी कळले होते.

महिन्याच्या सुरुवातीला ऋजुताच्या वडिलांचे हृदयाचे ऑपरेशन अचानक ठरले. नर-मादीची जोडी लागून तेव्हा चार दिवस झाले होते. ती एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात वही घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "अप्पा, हे दिवस नाजूक आहेत. रोज पाला, आणि एक दिवसाआड किडे, पावडरीत घोळवून. तुमच्याशिवाय कुणावर सोपवू? तुमच्या हातून चूक होत नाही." मी बाहुबलीच्या डोंगरावर, मुनिमहाराजांसमोर, चालत्या-फिरत्या जिवाला हाताने मारणार नाही असा नियम चाळीस वर्षांपूर्वी घेतला होता. हे मी तिला तिथेच सांगायला हवे होते. तिने म्हटलेले शेवटचे वाक्य मला आवडले, म्हणून मी वही घेतली.

ती परतेपर्यंतच्या एकोणीस दिवसांत दहा वेळा मी दहा-दहा रातकिडे मोजून घेतले आणि मागच्या बांधावर नेऊन सोडले. परत येऊन वहीत लिहिले, "दिले." फौंड्रीत असताना, भट्टीच्या तक्त्यात तापमानाचा एक आकडा मनाने भरला म्हणून मी एका चांगल्या कामगाराला तीन दिवस घरी बसवले होते. त्याने हात जोडले होते, तरी बसवले होते.

बांधावर तिसऱ्या खेपेला त्रिशला माझ्यामागे आली होती.

"अहो, वर बघा जरा."

तारेवर साळुंक्या ओळीने बसल्या होत्या. मी बाजूला झालो तशा त्या उतरल्या.

"घरात एक खाणार होती, इथं आठ जणी जेवल्या," ती म्हणाली. "काय साधलं हो?"

"मी मारले नाहीत."

"बरं," ती म्हणाली आणि वळली. पुढच्या खेपांना मी एक फडके घेऊन जात असे आणि किडे गवतात शिरेपर्यंत साळुंक्यांना हाकलत उभा राहत असे.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत आम्ही नेहमीप्रमाणे जेवायला बसलो. ऋजुता ताटावर आली नाही. त्रिशलाने मला भाकरी वाढली.

"तिला सांगितलंत?"

"पेटी पुन्हा भरली आहे. उद्या घालेल."

"मी पेटीचं विचारलं नाही."

"पाला दिलाच आहे की मी. मेथी, शेवग्याची पानं, भोपळा. एक दिवस चुकला नाही. ती पाल्यावरही राहते, हे तीच सांगते."

"मग वहीत पालाच लिहायचा होता." तिने भाकरीचा डबा बंद केला. "मी सांगणार नाही तिला. तुम्ही लिहिलंय, तुम्हीच वाचून दाखवा."

मी जेवून उठलो. मागच्या खोलीच्या दाराशी गेलो. आत ऋजुता अंधारत्या उजेडात पेटीजवळ पालथी पडून, श्वाससुद्धा हळू घेत, पुठ्ठ्याच्या फटीतून पाहत होती. तिने मागे न वळता हात हलवला: जा. मी गेलो. ती खूण मला सोयीची वाटली, हे आज मान्य करतो.

शनिवारी सकाळी हळदीने डोळे उघडले नाहीत. ऋजुताने तिला तळहातावर घेतले तेव्हा चारी पाय खाली लोंबले. डोळ्यांभोवतीची कातडी आत गेली होती. गळ्याखालची झालर काळी झाली होती, पण फुलत नव्हती.

"सांगली," एवढेच ऋजुता म्हणाली.

मी गाडी चालवली. ती मागे बसली होती, टॉवेलात गुंडाळलेली हळदी आणि गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन. अंकलीच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती.

"अप्पा, हॉर्न द्या ना."

"देऊन काय होणार, ऋजुता? पुढं ट्रॉली आहे उसाची."

"द्या तरी!"

मी दिला. तिने माझ्याशी आवाज चढवून बोलण्याची ती पहिली वेळ.

डॉ. कुपवाडे म्हणजे म्हशींचे डॉक्टर. पण पक्षी-कासवांचाही त्यांना नाद होता, आणि त्या भागात सरडा घेऊन जाण्यासारखे दुसरे दार नव्हते. जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशात थर्मामीटर.

"या. काय म्हणतायत बाईसाहेब?" त्यांनी टॉवेल उलगडला आणि त्यांचा आवाज बदलला. "कधीपासून अशी?"

"आज सकाळपासून. दोन दिवस खणत होती, सोडत होती."

त्यांनी एक्स-रे काढला आणि दिव्यासमोर धरला. पोटभर पांढरे लांबट गोळे. द्राक्षांचा घड उलटा ठेवावा तसे.

"वीसच्या वर आहेत. आकारानं सगळी बरोबर. आता असं बघा ताई, दोन गोष्टी असू शकतात. एक, अंगात चुना नाही, म्हणजे कॅल्शियम. मग गर्भपिशवी आवळतच नाही, कळ येऊन विरते. तसं असेल तर इंजेक्शन, ऊब, आणि वाट बघायची. दोन, आत एखादं अंडं अडकलंय किंवा पिशवीला पीळ पडलाय. ते या फोटोत दिसत नाही. तसं असेल तर इंजेक्शननं उलटा घोटाळा होतो. पिशवी जोर लावते आणि फाटते. तिथं उघडायचंच."

"यातलं कोणतं, कसं कळणार?"

"रक्त तपासायची सोय पुण्यात. तोवर ही थांबत नाही. खाणं काय होतं हिचं?"

ऋजुताने पिशवीतून वही काढून दिली. डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि वाचत गेले. एक पान, दुसरे पान.

"कुणी लिहिलंय?"

"सासऱ्यांनी. मी गावी होते."

"वा! आमचे दूध संघवाले असं लिहितील तर पाय धरीन त्यांचे." त्यांनी वही मिटली. "मग कॅल्शियम बाद. एवढं नियमानं गेल्यावर कमी पडत नाही. उघडू या."

"जगेल का?"

"ताई, मी म्हशी उघडल्यात, कुत्री उघडल्यात. एवढा जीव, त्यात अंगात त्राण नाही, भूल कितपत सोसेल… निम्मं-निम्मं धरा. निम्म्याला थोडं कमीच. पण नाही उघडलं तर शून्य. इथं सही करा."

त्यांनी मदतनिसाला हाक मारली आणि हत्यारांचे भांडे उकळायला ठेवायला सांगितले. ऋजुताने पेन घेतले. कागद टेबलावर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हळदी, आणि तिच्या पोटाची बाजू इतकी हळू वरखाली होत होती की दोन श्वासांमध्ये मी दर वेळी थांबत होतो. ऋजुताने नावाचे पहिले अक्षर लिहिले.

"डॉक्टर," मी म्हणालो, "ती नोंद खरी नाही."

डॉक्टर म्हणाले, "कोणती?"

"किड्यांची. दहाच्या दहा. मी एकही किडा दिलेला नाही. सगळे बांधावर सोडले. पाला रोज दिला, तेवढं खरं आहे."

"आणि कॅल्शियमची पावडर?"

"ती किड्यांनाच लावायची होती."

ऋजुताने पेन खाली ठेवले नव्हते. "पण अप्पा, पावडरीचा डबा मी पाहिला," ती अगदी शांतपणे म्हणाली. "आल्या आल्या पाहिला. पावडर कमी झाली आहे. जेवढी व्हायला हवी तेवढीच."

"दर वेळी एक चमचा मोजून मोरीत टाकत होतो. हिशेब जुळावा म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटले ते मला काही बोलतील. त्यांनी फक्त ऋजुताच्या हाताखालचा कागद ओढून घेतला.

"भांडं उतरव रे! इंजेक्शन घे," त्यांनी आत ओरडून सांगितले. मग माझ्याकडे न पाहता: "एकोणीस दिवस चुना नाही आणि पोटात वीस अंडी. हिनं स्वतःच्या हाडांतला काढून अंड्यांना कवचं दिलीयत. अजून दहा मिनिटांनी बोलला असता तर मी हिला विनाकारण फाडली असती, आजोबा."

त्यांनी कातडीखाली इंजेक्शन दिले, कोमट पाण्यात हळदीला अर्धा तास धरून ठेवायला लावले, आणि सांगितले, "आज एक, उद्या सकाळी एक, मी येतो तिकडं. उद्या दुपारी चारपर्यंत घातली नाहीत तर मग पर्याय नाही."

परतीच्या वाटेवर पूल मोकळा होता. जयसिंगपूरची वेस आली तेव्हा ऋजुता म्हणाली,

"पाल्यावर भुरभुरली असती तरी चाललं असतं, अप्पा."

"मला माहीत नव्हतं."

"विचारायचं. मी रोज फोन करत होते."

"विचारलं असतं तर किडे देत नाही, हेही सांगावं लागलं असतं."

"सांगायचं! मी शेजारच्या कुणाला तरी सांगितलं असतं. कॉलेजातून मुलींना पाठवलं असतं. तुम्ही नको म्हणाला असता तर मला काय राग आला असता? तुमचा नियम मला माहीत नव्हता. चार वर्षं एका घरात आहोत आपण आणि मला माहीत नव्हता."

घरी आल्यावर मी विचारले, "मी काय करू?"

"पेटी बघा. वरची वाळू सुकली असेल." तिने मान वर केली नाही. "ते काम तुमच्याइतकं नीट मला येत नाही."

मी वरचा थर काढला, नवी वाळू मुठीत घेऊन घेऊन भिजवली, आणि चारदा मोडून पाहिल्याशिवाय पेटीत एक ओंजळही घातली नाही.

रविवारी सकाळी डॉक्टर मोटारसायकलवर आले, दुसरे इंजेक्शन देऊन चहा न घेता गेले. जाताना दारात म्हणाले, "डोळे उघडलेत तिनं. एवढंच सांगतो, जास्त विचारू नका." साडेदहाला ऋजुताने हळदीला पेटीत ठेवले आणि बाहेर येऊन दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. मी समोर खुर्चीवर. त्रिशला, जी त्या खोलीकडे कधी फिरकत नव्हती, ती भिंतीला टेकून उभी राहिली.

अकरा वाजले. बारा वाजले. आतून काही आवाज नव्हता.

"पाणी तरी पी गं," त्रिशला कुजबुजली. ऋजुताने मान हलवली.

सव्वाबाराला खर्र असा एक आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही. मग सलग. आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत नव्हतो. आवाज हळूहळू दबत गेला. ती खाली जात होती. एक वाजून दहा मिनिटांनी तो पूर्ण बंद झाला.

फौंड्रीत वितळलेले लोखंड साच्यात गेल्यावर एक वेळ अशी असते की साच्याला हात लावायचा नसतो, आणि हात शिवशिवत असतात. मी खुर्चीचे हात धरून बसलो. दोन वाजले.

"बघू का फटीतून?" तिने विचारले. कोणाला विचारले ते कळले नाही.

"नको," मी आणि त्रिशला एकदमच म्हणालो.

दोन पंचेचाळीस. तीन. डॉक्टरांचा फोन आला. ऋजुताने पहिली रिंग संपायच्या आत तो कानाला लावला आणि "अजून नाही" म्हणून बंद केला. तीन वाजून वीस मिनिटांनी आतून वेगळा आवाज आला. खरवडण्याचा नव्हे. थप्, थप्, थांबून पुन्हा थप्.

ऋजुता उठली, फटीला डोळा लावला, आणि तशीच उभी राहिली. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा त्रिशला पुढे झाली.

"काय झालं? अगं बोल की!"

"बुजवतेय," ऋजुता म्हणाली. "आई, बुजवतेय ती. नाकानं माती ठोकून बसवतेय. पोट पार आत गेलंय."

त्रिशलाने तिला धरले आणि माझ्याकडे पाहिले. मी उठून परसात गेलो आणि नळाखाली बराच वेळ हात धुतले.

संध्याकाळी, ऊन उतरले नव्हते तेव्हा, ऋजुताने मला मागच्या खोलीत बोलावले. हळदी तिच्या काचेच्या घरात दिव्याखाली पसरली होती, सुरकुतलेली, पण डोळे उघडे. पावडर लावलेली मेथीची दोन पाने तिने खाल्ली होती. पेटीतली वाळू ऋजुताने रंगाच्या ब्रशने बाजूला केली होती. खाली अंडी होती, एकवीस, पांढरी, अंगठ्याएवढी, एकमेकांना टेकून. प्रत्येकावर तिने पेन्सिलीने बारीक फुली केली होती.

"ही वरची बाजू," ती म्हणाली. "उचलताना फिरली तर आतलं मरतं."

शेजारी थर्माकोलची उबवणी पेटी तयार होती, आत ओलसर भुसा, वर बोटाने केलेले खळगे. झाकण बाजूला ठेवले होते. पण तिने अंड्याला हात लावला नव्हता.

"अप्पा, एक विचारायचंय. हळदीला आणलं तेव्हा मी विचारलं नव्हतं. आणून ठेवली आणि सांगितलं. तुम्ही हो म्हणालात, मी ते खरं धरलं. आता आधी विचारते." तिने ब्रश खाली ठेवला. "यातली पंधरा जरी फुटली तरी एकेक पिल्लू दिवसाला तीसेक किडे खातं. चांगल्या घरी देईपर्यंत दोन-अडीच महिने. ती पाल्यावर जगत नाहीत, पावडर भुरभुरली तरी नाहीत. तुम्हाला चालणार नसेल तर आजच सांगा. आज अंडी थंडीत ठेवली की तिथंच थांबतं, अजून आत फार काही झालेलं नाही. दोन महिन्यांनी सांगून उपयोग नाही."

मी मनात गुणाकार केला. तीस हजारांच्या पुढे गेला. मग त्या एकवीस फुल्यांकडे पाहिले.

"तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं तुम्हाला माहीत आहे. माझं सगळ्यांना माहीत असतं. तुमचं मला कळत नाही, अप्पा. वही वाचूनसुद्धा कळलं नाही."

दारात त्रिशला उभी होती.

"किडे मी घालणार नाही," मी म्हणालो. "आज नाही, दोन महिन्यांनी नाही, तू आजारी पडलीस तरी नाही. तुला दुसरं कुणी तरी बघून ठेवावं लागेल."

"ठेवीन."

"आणि घातले असं लिहिणारही नाही."

"बरं."

मी बैठक मारली. पहिले अंडे दोन बोटांत धरले. ते टणक असेल असे मला वाटले होते. ते मऊ होते, ओल्या चामड्यासारखे, आणि बोटाच्या दाबाने किंचित आत गेले. मी दाब कमी केला, फुली वर ठेवून ते उचलले आणि पहिल्या खळग्यात ठेवले. मग दुसरे. ऋजुता मदतीला पुढे झाली नाही. माझे हात पाहत राहिली. सातव्या-आठव्याला चिकटलेली जोडी होती, ती मी न सोडवता तशीच ठेवली. एकविसावे ठेवले तेव्हा माझी पाठ भरून आली होती आणि मंदिरात आरतीची घंटा सुरू झाली होती. त्या वेळी मी एरवी तिथे असे.

"अप्पा," ऋजुता हळू म्हणाली, "नक्की ना?"

"नक्की नाही," मी म्हणालो. "झाकण दे."